दंशाची कैफियत

इटलीतील लोकनृत्यांचा विषय निघाला की तारान्तेल्लाचे नाव प्रथम घेतले जाते, आणि ते घेताच जे चित्र मनश्चक्षूंसमोर उभे राहते ते निर्भेळ उल्हासाचे असते : खंजिरीवर पडणारी द्रुत थाप, एकमेकांभोवती गिरक्या घेणारी युगुले, वाऱ्याने फुललेले घागरे आणि पाठीमागे नेपल्सचा निळा उपसागर. रोस्सिनीने १८३५ साली आपल्या ‘ला दान्झा’ या गीतात हाच उल्हास स्वरबद्ध केला आणि युरोपातल्या दिवाणखान्यांतून तो दूरदूर पोचला. या चित्रात खोटे असे काही नाही. परंतु इटलीचा नकाशा ज्या बुटासारखा दिसतो त्याच्या टाचेच्या प्रदेशात, म्हणजे सालेन्तोत, याच घराण्यातल्या नृत्याला ‘पिझ्झिका’ म्हणतात. या शब्दाच्या मुळाशी चिमटा, डंख असा अर्थ आहे. आणि तेथे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे नृत्य सणासमारंभांत जसे होत असे तसेच ते रुग्णाच्या खोलीतही होत असे. त्या खोलीतील नृत्याविषयी मला लिहावयाचे आहे, कारण माणसाच्या दुःखाशी धर्माचे नाते कोणते, हा प्रश्न मोठमोठ्या ग्रंथांपेक्षा त्या खोलीत मला अधिक उघडा दिसतो.

तारान्तो हे त्या भागातील प्राचीन शहर. त्याच्या नावावरून तेथील एका मोठ्या कोळ्याला ‘तारान्तोला’ हे नाव मिळाले आणि नृत्याचे नावही याच कुळातले. लोकांची समजूत अशी होती की जून महिन्यात, गव्हाची कापणी ऐन भरात असताना, शेतात राबणाऱ्या माणसाला हा कोळी चावतो. आणि मग ती व्यक्ती, जी बहुधा स्त्रीच असे, खिन्न होते, अन्नपाणी टाकते, कोणाशी बोलत नाही आणि अखेर जमिनीवर कोसळते. वैद्याच्या औषधाने गुण आला नाही की वादकांना बोलावणे जाई. खोलीतले सामान बाजूस सारून जमिनीवर पांढरी चादर अंथरीत, रंगीत फिती हाताशी ठेवीत, आणि व्हायोलिन, खंजिरी, गिटार व भात्याची एक लहान पेटी घेऊन बसलेले वादक एकामागून एक चाली वाजवून पाहत. कारण सगळे कोळी एका स्वभावाचे मानलेले नव्हते. कोणी नाचरा, कोणी कामुक, कोणी उदास व मुका, आणि ज्याने दंश केला असेल त्याच्या स्वभावाला व रंगाला जुळणारी चाल आणि फीत सापडेपर्यंत रोगी हालचाल करीत नसे. ती सापडली म्हणजे पाठीवर पडलेल्या स्त्रीचे डोके तालावर डावीकडून उजवीकडे हलू लागे. मग ती कोळ्याप्रमाणे चादरीवर सरपटे. मग एकाएकी उठून चादरीच्या कडेकडेने धावे, उड्या मारी, गिरक्या घेई आणि शेवटी कोसळे. व थोड्या विसाव्यानंतर हेच चक्र पुनश्च सुरू होई. तासन्‌तास, प्रसंगी काही दिवस, हे चाले. आणि संत पौलाने कृपा केली अशी साक्ष त्या स्त्रीला स्वतःला पटली म्हणजेच ते थांबे.

संत पौलाचा येथे संबंध काय, हे सांगितले पाहिजे. ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथात अशी कथा आहे की जहाज फुटल्यावर पौल माल्टा बेटाच्या किनाऱ्याला लागला, तेथे काटक्या गोळा करताना एका सर्पाने त्याच्या हाताला डसून विळखा घातला, आणि त्याने तो हात विस्तवावर झटकून सर्पाला आगीत टाकले. त्याला काही अपाय झाला नाही. तेव्हापासून विषावर त्याची सत्ता मानली गेली. सालेन्तोतील गालातीना या गावी त्याच्या नावाचे एक लहान प्रार्थनामंदिर आणि शेजारी एक विहीर आहे. दरवर्षी २९ जूनला, म्हणजे संत पेत्र व संत पौल यांच्या सणाला, आजूबाजूच्या गावांतून दंश झालेल्या स्त्रिया तेथे येत, बऱ्या झालेल्या उपकार मानीत, न झालेल्या कृपा मागत आणि विहिरीचे पाणी पीत. गालातीनाच्या हद्दीत कोणाला तारान्तोलाचा दंश बाधत नाही, संताने त्या गावाला ही माफी देऊन ठेवली आहे, अशीही श्रद्धा होती.

या रोगाविषयी विद्वानांनी जे लिहिले त्याचा दप्तरखाना मोठा आहे. आथानासिउस किर्चर या येशूसंघीय पंडिताने १६४१ साली चुंबकत्वावरील आपल्या लॅटिन ग्रंथात रोग्यांसाठी वाजविल्या जाणाऱ्या चाली स्वरलिपीत टिपून ठेवल्या. संगीत अंगातील विषाला चेतविते आणि ते घामावाटे बाहेर पडते, असा त्याचा एकंदर सिद्धान्त. त्याच शतकाच्या अखेरीस जॉर्जो बाल्यीवी या वैद्याने हा आजार खरा मानला, पण त्याच वेळी अनेक स्त्रिया त्याचे सोंग घेतात असे नमूद करून, लोक याला ‘बायकांचा छोटा कार्निव्हल’ म्हणतात, हेही नोंदविले. १७४२ साली नेपल्सच्या फ्रान्चेस्को सेराओ याने कोळ्याचा या प्रकाराशी काही संबंध नाही असा निर्वाळा दिला. आज प्राणिशास्त्र सांगते की ज्या कोळ्याला तारान्तोला म्हणतात त्याचा दंश माणसाला फारसा अपायकारक नाही. त्या भागात एक दुसरा, लहान, काळ्या अंगावर तांबड्या ठिपक्यांचा कोळी आहे, त्याचे विष मात्र जबर असून त्याने पेटके, घाम आणि पराकाष्ठेची घबराट उत्पन्न होते. म्हणजे दंशाची कल्पना सर्वस्वी निराधार नव्हती. पण तेवढ्याने या प्रकरणाचा उलगडाही होत नाही.

तो उलगडा करण्याच्या हेतूने एर्नेस्तो दे मार्तीनो हा नेपल्समध्ये जन्मलेला धर्मेतिहासकार १९५९ च्या जूनमध्ये सालेन्तोत उतरला. त्याच्यासमवेत एक मानसोपचारतज्ज्ञ होता, एक मानसशास्त्रज्ञ स्त्री होती, दिएगो कार्पितेल्ला हा लोकसंगीताचा अभ्यासक होता आणि फ्रांको पिन्ना हा छायाचित्रकार होता. एकाच दुःखाकडे इतक्या शास्त्रांनी एकत्र बसून आणि इतक्या आदराने पाहिल्याची उदाहरणे मला फार आढळलेली नाहीत. दे मार्तीनोचा युक्तिवाद साधा आणि बिनतोड होता. विष जर अंगात गेले असेल तर ते दरवर्षी त्याच तारखांच्या सुमारास कसे जागे होते? कोळी जर चावत असेल तर कापणीच्या शेतात पुरुषही राबत असता तो मुख्यत्वे स्त्रियांनाच, आणि त्यांतही वयात येणाऱ्या व लग्नाच्या उंबरठ्यावरील मुलींनाच, का निवडतो? आणि गालातीनाची शीव कोळ्याला कोण दाखवून देतो? तेव्हा हा आजार कोळ्याचा नाही; पण म्हणून तो ढोंग आहे किंवा निव्वळ वेड आहे, असा निकालही त्याने दिला नाही. माणसाचे ‘मी आहे’ हे भान काही प्रसंगी ढासळू लागते, जगात आपण उभे आहोत ही जाणीवच हातातून निसटते. अशा वेळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या घडविलेला विधी त्या माणसाला पुन्हा जगात उभे करतो, असे त्याचे प्रतिपादन होते.

त्याच्या ग्रंथात नार्दो भागातील एका कष्टकरी तरुणीची हकिगत आहे. लहानपणीच बापाचे छत्र गेलेले. पुढे एका मुलावर प्रेम जडले, पण दारिद्र्य आड आले आणि ते जुळले नाही. त्याच सुमारास, एका दुपारी खिडकीशी उभी असताना, तिला दंश झाला. नंतर जे लग्न तिच्यावर लादले जात होते ते करू नकोस, तू माझी आहेस, असे संत पौलाने आपणास सांगितले, असे ती म्हणे. तिच्या घरी झालेला उपचार या मंडळींनी प्रत्यक्ष पाहिला. व्हायोलिन वाजवीत होता तो लुईजी स्तीफानी, धंद्याने न्हावी आणि या चालींचा त्या काळचा सर्वांत जाणता वादक. ही हकिगत वाचली तेव्हा मला प्रथम हेच जाणवले की ज्या समाजात गरीब मुलीला ‘हे लग्न मला नको’ असे बापजाद्यांसमोर, सावकारासमोर, शेजाऱ्यांसमोर म्हणता येत नव्हते, त्या समाजात तिच्या देहाने ते म्हटले. आणि देहाचे ते म्हणणे कोणाला समजावे म्हणून कोळी, चादर, फिती, खंजिरी आणि संत एवढा सरंजाम समाजानेच तिच्या हाती दिला होता. ते नृत्य म्हणजे तिची कैफियत होती.

येथे मूळ प्रश्न उपस्थित होतो. ज्या कारणाचे नाव घेतले ते कारणच खरे नसेल, तर त्या कारणावर उभारलेला विधी आणि त्या विधीत केलेली प्रार्थना यांचे काय? आपल्याकडील बुद्धिवाद्यांनी आणि श्रद्धावाद्यांनीही हा प्रश्न फार घाईने सोडविला आहे. पहिला पक्ष म्हणतो, कोळी खोटा, म्हणून सारे खोटे. दुसरा पक्ष म्हणतो, गुण येतो, म्हणून कोळी खरा. मला दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात, कारण दोघांचेही लक्ष कोळ्यावर आहे आणि चादरीवर पडलेल्या स्त्रीकडे कोणाचेच नाही. आपल्या खेड्यांत सर्पदंश झाला तर ‘पान लागले’ म्हणतात; तेथे सापाला पानाआड लपविले जाते. सालेन्तोत याच्या उलट झाले होते : जे दुःख उच्चारणे शक्य नव्हते ते कोळ्याच्या आड लपविले गेले, आणि लपविल्यामुळेच ते चारचौघांत आणता आले. एकनाथमहाराजांचे विंचवाचे भारूड आपण सर्वांनी ऐकले आहे. नाथांनी विंचवाला कामक्रोधाचे रूप दिले आणि सत्त्वगुणाचा उतारा सांगितला; दंश बाहेरून झाला असे भासते, पण विष आपलेच आहे, ही त्या भारुडाची शिकवण. सालेन्तोच्या स्त्रीला लागलेले विष मात्र तिचे नव्हते. ते तिला दारिद्र्याने, तुटलेल्या प्रेमाने, वर्षानुवर्षे चाललेल्या बिगारीने दिले होते. नाथांचा उतारा तिला सांगणे म्हणजे अपराध तिच्याच पदरात घालणे झाले असते. आणि नाथांचे हृदय ज्यांना ठाऊक आहे ते मान्य करतील की नाथांनी तसे केले नसते.

मग नृत्यच का? याचे उत्तर योगायोगाने त्याच भूमीत फार पूर्वी शोधले गेले होते. तारान्तो ही ग्रीकांची वसाहत. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातील संगीतशास्त्रज्ञ आरिस्तोक्सेनस हा तेथलाच, आणि पायथागोरसचे अनुयायी देहाची शुद्धी औषधाने व आत्म्याची शुद्धी संगीताने करीत, ही माहिती त्याच्याच नावावर आपणापर्यंत आली आहे. त्याच्या थोडे आधी प्लेटोने ‘लॉज’ या संवादात एक मार्मिक निरीक्षण नोंदविले. रडणाऱ्या बाळाला आई स्वस्थ ठेवून निजवीत नाही. ती त्याला हलविते, झोके देते, गुणगुणते. आणि उन्मादाने पछाडलेल्यांवरही नृत्य व संगीत यांचाच उपचार होतो, कारण अंतःकरणात भयाने जी खळबळ माजलेली असते तिच्यावर बाहेरून दिलेली लयबद्ध गती मात करते आणि मग शांतता येते. त्या ग्रीक उपचारापासून पिझ्झिकापर्यंत परंपरा अखंड वाहत आली असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. दे मार्तीनोनेही या आजाराची घडण मुख्यतः मध्ययुगातच शोधली आहे. पण प्लेटोला जे आईच्या मांडीवर दिसले ते सालेन्तोच्या खंजिरीत होते, याविषयी मला शंका वाटत नाही. शोकाने गोठलेल्या देहाला विचार सांगून हलविता येत नाही. आधी ताल त्याच्यापर्यंत पोचावा लागतो. बोटे हलतात, मान हलते, पाय उचलला जातो, आणि मग कधीतरी मन त्या पायामागून चालू लागते.

याच कारणास्तव गालातीनाच्या प्रार्थनामंदिरात दे मार्तीनोला जे आढळले ते मला फार अस्वस्थ करते. घरातल्या चादरीवर नृत्याला आरंभ होता, मध्य होता, अंत होता. मंदिरात वादकांना स्थान नव्हते. संताची कृपा हवी तर मूर्तीसमोर यावे, खंजिरी आणू नये, असा एकंदर शिरस्ता. देवस्थानाचे पावित्र्य राखावे हाच त्यामागील हेतू असणार, आणि तो हेतू मी हीन मानीत नाही. परंतु परिणाम असा झाला की जे दुःख घरी तालात बांधले जात होते ते मंदिरात येताच सुटे झाले : कोणी किंचाळत होती, कोणी वेदीवर चढत होती, कोणी फरशीवर लोळत होती, आणि बघ्यांची गर्दी दाराशी जमली होती. चर्चने कोळ्याच्या जागी संत दिला, हे मोठे काम केले. पण संताला लयीपासून तोडले, ही त्याची चूक झाली, असे मी विचारान्ती म्हणतो. देहाला दाराबाहेर ठेवून आत्म्याला आत बोलावणारा धर्म त्या स्त्रियांच्या उपयोगी पडला नाही.

आणि हे ज्याच्या मंदिरात घडले तो पौल कोण होता? स्त्रियांनी सभेत मौन राखावे, असे सांगणारे वचन ज्याच्या पत्रांत आहे, तोच हा प्रेषित. शतकानुशतके त्याच्याच मूर्तीसमोर स्त्रियांनी ते मौन मोडले. पण त्याच पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात आपल्या शरीरात एक काटा आहे असे सांगितले आहे. तो दूर व्हावा म्हणून त्याने प्रभूची तीनदा विनवणी केली, आणि काटा निघाला नाही. माझी कृपा तुला पुरे, एवढेच उत्तर मिळाले. तो काटा कोणता, यावर धर्मपंडितांनी पुष्कळ लिहिले आहे. गालातीनाला अनवाणी येणाऱ्या शेतमजूर बायांनी ते वाचले नसेल. तरी माल्टाच्या सर्पाला झटकून टाकणाऱ्या विजयी पौलापेक्षा हा काटा बाळगून चालणारा पौल त्यांच्या अधिक जवळचा होता, असे मला वाटते. कारण त्यांचेही विष कायमचे कधी उतरत नसे. संतच दंश पाठवितो आणि संतच तो उतरवितो, असे त्या मानीत. ज्या देवाकडे फिर्याद करावयाची त्याच्याच दारातून दुःख आले आहे, ही जाणीव ईयोबाच्या ग्रंथाएवढीच खोल आहे, आणि ती निरक्षर स्त्रियांनी कोणाच्या शिकवणीवाचून गाठली होती.

तथापि या विधीचे गुणगान एका मर्यादेपलीकडे करणे मला अन्यायाचे वाटते. दे मार्तीनोचा ग्रंथ १९६१ साली ‘ला तेर्रा देल रिमोर्सो’ या नावाने निघाला. ‘रिमोर्सो’ म्हणजे इटालियनमध्ये पश्चात्तापाची टोचणी. पण शब्द फोडला तर ‘पुन्हा दंश’. पुन्हा दंश होई, हेच या उपचाराचे मर्म आणि हीच त्याची उणीव. कापणीचा हंगाम म्हणजे देणी फेडण्याचा हंगाम. सावकाराचा तगादा, खंडाची वसुली आणि कोळ्याचा दंश एकाच पंधरवड्यात येत. त्यातच वादकांचा मेहनताना द्यावा लागे, आणि त्यासाठी घरात नवे कर्ज होई. नृत्याने स्त्री उभी राहत होती, पण उभी राहून ती त्याच घरात, त्याच शेतात, त्याच नको असलेल्या नवऱ्याकडे परत जात होती. इब्सेनने १८७९ साली लिहिलेल्या ‘अ डॉल्स हाउस’ या नाटकात, जे मराठी रसिकांना अनंत काणेकरांच्या ‘घरकुल’मुळे परिचित झाले, नोरा तारान्तेल्लाच नाचते, पत्रपेटीतले पत्र नवऱ्याच्या हाती पडू नये म्हणून ती बेभान होऊन नाचते. पण नोरा अखेरीस दार उघडून बाहेर पडते. नार्दोच्या मुलीला बाहेर पडावयाला दार नव्हते. तिला चादर होती, आणि वर्षातून एकदा होती.

म्हणून या विधीविषयी माझा निर्णय असा आहे. त्यात कोळ्याविषयी जे सांगितले जात होते ते असत्य होते. स्त्रीविषयी जे ऐकले जात होते ते सत्य होते. शेजारीपाजारी काम टाकून तिच्याभोवती बसत, तिच्या रंगाची फीत शोधत, तिच्या दुःखाची चाल सापडेपर्यंत वादक थकत नसत, आणि ‘आता पुरे’ हे म्हणण्याचा अधिकार त्या खोलीत फक्त तिचा असे. एवढा आदर त्या समाजाने तिला एरवी कधीच दिला नाही. पण ऐकून घेतल्यावर जे करावयाचे होते ते, म्हणजे तिच्यावरील अन्याय दूर करणे, ते त्याने संतावर सोपविले. आणि ते काम संताचे नव्हते, शेजाऱ्यांचे होते.

तो काळ आता सरला आहे. शेते यंत्रांनी कापली जाऊ लागली, माणसे उत्तरेकडे मजुरीला गेली, आणि चादर अंथरण्याचा प्रघात बंद पडला. १९९८ पासून दर ऑगस्टमध्ये सालेन्तोत ‘ला नोत्ते देल्ला तारान्ता’ हा संगीतोत्सव होतो आणि त्याची अखेरची मैफल मेल्पिन्यानो या लहान गावी उघड्या मैदानावर भरते. तिला हजारो लोक लोटतात आणि पहाटेपर्यंत पिझ्झिका नाचतात. ज्या खंजिरीचा पूर्वी गावच्या शिकल्यासवरल्यांना संकोच वाटे ती आज तरुण पिढी अभिमानाने हाती धरते, याचा मला मनापासून आनंद आहे. माझी एवढीच विनंती आहे की जो कोणी मराठी वाचक त्या मैफलीला जाईल त्याने आधी एक सकाळ गालातीनासाठी राखून ठेवावी. संत पौलाचे प्रार्थनामंदिर गावातच आहे, लहान आहे, ते पाहावयास फार वेळ लागत नाही. आरोग्याच्या कारणावरून विहीर बंद करण्यात आली आहे. तिचे पाणी आता कोणी पीत नाही.